मागच्या सीटवरची ठमी

दि. ४ जुलै

चि. ठमीस अनेक आशीर्वाद.

तुमच्या बाटल्यांच्या कारखान्यातली एक बाई काल माझ्याकडे ब्लाउज शिवायला टाकून गेली. म्हणाली, तुमची भाची उभ्या उभ्या पेंगते, फुटक्या बाटल्या तशाच पुढे जाऊ देते. मुकादमाने ताकीद दिलीय म्हणे, पुन्हा दिसलं तर घरी पाठवीन!

अगं, जायला दोन तास, यायला दोन तास, झोपणार कधी? माझं घर कारखान्याच्या मागच्याच गल्लीत. शिवणयंत्र जरा सरकवलं की तुझी खाट आरामात मावते. किती वेळा बोलावलं, दर वेळी तुझी नवी सबब. मला संशय येतो, बसमध्ये कुणीतरी आहे. कोण आहे गं? दिसायला बरा आहे ना?

माझा दादा तुझी पत्रं आणून देतो, 'बरंय ना' विचारतो आणि मी तोंड उघडायच्या आत पाठ फिरवतो. उत्तर त्याच्याच हाती पाठव.

तुझी चौकस आत्या

दि. ६ जुलै

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

हो, आहे बसमध्ये एक जण. वय अठ्ठावन्न, डोक्यावर चकचकीत टक्कल, आणि बस तोच चालवतो. झालं समाधान?

आता थट्टा बाजूला. आई गेल्यापासून बाबा घरात बोलतच नाहीत. 'जेवलीस का' आणि 'दिवा मालव', संपलं. पण सकाळी आम्ही निघतो तेव्हा बस रिकामी असते. मी त्यांच्या मागच्या सीटवर बसते. गाडी सुरू झाली की बाबाही सुरू! आई रागावली की भांडी कशी आदळायची, मग स्वतःच कशी हसायची, सगळं सांगतात. पहिल्या थांब्यावर कामगार चढले की तोंडाला कुलूप. संध्याकाळी सगळे उतरले की पुन्हा तेवढाच रस्ता आमचा.

मी तुझ्याकडे आले तर ते कुणाशी बोलतील गं? मुकादमाचं मी बघून घेईन. तू फार डोकं चालवू नकोस, यंत्र चालव.

तुझी आगाऊ ठमी

दि. ९ जुलै

चि. आगाऊ ठमीस आशीर्वाद.

काल दुपारी दादा बस धुवायला नेत होता. मी सरळ चढले आणि तुझ्या सीटवर ठाण मांडलं. उतर म्हणाला. मी म्हटलं, बहिणीला फिरवून आणलंस तर टायर झिजणार नाहीत. मुकाट्याने निघाला.

दुसऱ्या वळणावर बोलायला लागला, पण वहिनीबद्दल नाही, तुझ्याबद्दल. आरशात तू पेंगताना दिसतेस आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं होतं. आत्याकडे राहा, असं सांगायचं रोज ठरवतो, आणि रोज दुसरंच बोलत बसतो, कारण तू गेलीस तर आपलं कसं होईल याची त्याला भीती वाटते. रडला गं. माझा एवढा दांडगा भाऊ! मीही रडले.

आता रोज दुपारी मी तिथे जाऊन बसणार. बस उभी असली तरी चालेल. तू नोकरी सांभाळ, रविवारी सामान घेऊन ये. नाही म्हणालीस तर मुकादमाला मीच भेटेन, मग बघ.

तुझी हट्टी आत्या

दि. ११ जुलै

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

सामान बांधलंय. काल जेवताना बाबांना सांगितलं. 'बरं' म्हणाले आणि हात धुवायला उठले. मला वाटलं, झालं, आता बसमधलं बोलणंही बंद. मीही ताट उचलायला लागले.

तर ते परत येऊन माझ्यासमोर बसले. म्हणाले, तू अगदी तिच्यासारखी दिसतेस, मला तुझ्या तोंडाकडे बघवत नव्हतं, म्हणून रस्त्याकडे बघत बोलायचो.

मग किती तरी वेळ बोलत राहिले, आत्या. माझ्याकडे बघत.

रविवारी येते. खाट खिडकीजवळ हवी, आणि माया आहे तेवढीच असू दे, जास्त केलीस तर मी शेफारेन.

तुझी ठमी