कायद्याने चालणारा डावा गुडघा आणि जिन्याचे वळण

प्रति,
मा. सचिव,
आरोग्य-हक्क कायदा दुरुस्ती सर्वपक्षीय समिती,
भांडार विभागाशेजारची खोली (पहिली बैठक होईपर्यंत),
मुख्य प्रशासकीय इमारत.

विषय : आरोग्य-हक्क कायद्यातील चूक दोन्ही पक्षांनी मिळून दुरुस्त करण्याबाबत, ते जमत नसल्यास शेवटच्या परिच्छेदाबाबत.

संदर्भ : १) सदर कायदा, सांध्यांविषयीचे कलम. २) अर्जदाराचे यापूर्वीचे अर्ज, ज्यांची पोच मिळाली. ३) अर्जदाराच्या पत्नीचा डावा गुडघा.

महोदय,

१. मानवजातीच्या इतिहासात जे जे म्हणून टिकाऊ घडले, ते एकमेकांचे तोंड न पाहणाऱ्या दोन माणसांनी एका छपराखाली बसून घडवले, असे अर्जदाराचे ठाम मत आहे. हे मत अर्जदाराला एका गिऱ्हाइकाच्या कानामागचे केस काढताना सुचले. त्या भरात वस्तरा कानाला लागला आणि गिऱ्हाईक म्हणाले, ‘‘आधी माझ्या कानाकडे बघा, मानवजातीकडे सावकाश बघू.’’ कानाला तुरटी लावून अर्जदार मूळ विषयाकडे वळत आहे.

२. अर्जदाराचे बाजारपेठेच्या मागल्या गल्लीत सलून आहे. खाली दोन खुर्च्यांचे दुकान, वर दोन खोल्यांचे घर आणि दोहोंच्या मध्ये एक अरुंद जिना, जो निम्म्यात काटकोनात वळतो. पत्नीचे दोन्ही गुडघे झिजले होते. नवा कायदा आला तेव्हा सरकारी रुग्णालयात तिचा उजवा गुडघा विनामूल्य बदलण्यात आला आणि शस्त्रक्रिया उत्तम झाली. याबद्दल अर्जदाराची काडीचीही तक्रार नाही, उलट त्या आठवड्यात सलूनमध्ये आलेल्या प्रत्येकाला त्याने कायद्याचे गुणगान ऐकवले व ऐकणारा हलू शकत नसल्याने त्याने ते ऐकलेही. डाव्या गुडघ्याची पाळी आली तेव्हा मात्र डॉक्टरीणबाईंनी संगणकात डोके घातले ते बराच वेळ बाहेर काढले नाही. कायद्यात असे लिहिले आहे, की सांधेबदलाचा लाभ एकदा मिळालेली व्यक्ती चालती झाली असे समजण्यात येईल व त्यानंतर तिला दुसरा सांधा, कुबडी, चाकांची खुर्ची यांपैकी काहीही देता येणार नाही. कायदा करताना सभासदांच्या डोळ्यांपुढे बहुधा एका पायाचा नागरिक असावा.

डॉक्टरीणबाई भल्या आहेत. त्या म्हणाल्या, ‘‘मावशी, मी काय करू? कायद्याने तुम्ही चालताय हो.’’ यावर पत्नी म्हणाली, ‘‘मग कायद्यालाच पाठव बाई आमच्या जिन्यावरून. मी वरून बघते.’’ खाजगीत शस्त्रक्रिया करून घेण्याची सलूनची ऐपत असती, तर आपला हा वेळ अर्जदाराने घेतला नसता.

३. ही चूक आहे हे कोणाला मान्य नाही, असे समजू नये. ती सर्वांना मान्य आहे आणि खरी अडचण तीच आहे. आपल्या भागातून सभागृहात जाणारे दोघेही सभासद, सत्ताधारी आणि विरोधी, वर्षानुवर्षे अर्जदाराच्याच हातून दाढी करून घेत आले आहेत. सलूनमध्ये पक्ष चालत नसल्याने तेथे एकास मिशीसाहेब व दुसऱ्यास कल्लेसाहेब म्हणतात. मिशीसाहेब सत्तेत आहेत. अर्जदाराने विषय काढताच ते म्हणाले, ‘‘चूक आहे, शंभर टक्के चूक आहे. पण आम्ही ती दुरुस्त केली, तर ती होती असं होईल ना?’’ कल्लेसाहेबांना विचारले असता ते जास्त मोकळे बोलले. ‘‘वहिनींचा गुडघा म्हणजे आमचा जीव की प्राण! पण ही एवढीच तर चूक सगळ्यांना समजते हो. हीच दुरुस्त झाली, तर लोकांपुढे बोलायचं काय? बाकीच्या चुका समजावून सांगेपर्यंत लोक घरी जातात.’’

दोघांचे भांडण आणि तिसऱ्याचा लाभ असे शाळेत शिकवतात. येथे तिसरी जिन्याच्या वर बसून होती.

४. यानंतर सभांचा हंगाम आला. सत्ताधारी पक्षाचे चार कार्यकर्ते आले, त्यांनी पत्नीस उचलून खाली आणले, सलूनच्या खुर्चीत बसवून खुर्चीसकट मैदानावर नेले आणि व्यासपीठावर तिचा उजवा गुडघा लोकांस दाखवण्यात आला. टाळ्या पडल्या. दुसऱ्या आठवड्यात विरोधी पक्षाचे चौघे आले आणि त्याच मैदानात, त्याच मांडववाल्याच्या व्यासपीठावर डावा गुडघा दाखवण्यात आला. लोक हळहळले. एकाच बाईवर एका आठवड्यात देश पुढे गेला आणि पुढच्या आठवड्यात रसातळाला गेला. पत्नी दोन्ही वेळा गेली, कारण दोन्ही पक्षांनी शपथेवर सांगितले होते की सभा होऊ द्या, पहिलं काम तुमचंच.

येथे एक बाब नम्रपणे नोंदवावीशी वाटते. नेण्यास दोन्ही वेळा चौघे होते. आणण्यास कोणी नव्हते. पहिल्या वेळी मांडववाल्याने ओझ्याच्या गाडीवरून दुकानाच्या दारापर्यंत सोडले. दुसऱ्या वेळी तो दुसऱ्या गावी गेला होता. जिन्यावर पत्नी बसल्या बसल्या पाठीकडून एकेक पायरी चढली आणि वळणावर थांबून म्हणाली, ‘‘अहो, दोन्ही घरचा पाहुणा उपाशी राहतो म्हणतात. दोन्ही पक्षांचा पाहुणा जिन्यात राहतो.’’ ती हसली होती. अर्जदारास हसू आले नाही.

५. तेव्हा अर्जदाराने स्वतःच मध्यस्थी करण्याचे ठरवले. त्याने मिशीसाहेब व कल्लेसाहेब यांस, एकमेकांच्या नकळत, एकाच सकाळची एकच वेळ दिली. दोघे दारात समोरासमोर आले, पण बाहेर रस्ता पाहत होता, त्यामुळे मागे फिरणे दोघांनाही कमीपणाचे वाटले. दोन खुर्च्यांवर दोघे बसले. अर्जदाराने दोघांच्या गळ्याभोवती कापड बांधले, दोघांच्या तोंडाला कानापर्यंत फेस लावला आणि वस्तऱ्यास धार लावत अत्यंत आदराने कायद्याचे कलम वाचून दाखवले. महोदय, फेस लावलेल्या माणसाइतका समंजस माणूस पृथ्वीवर नाही. त्याला बोलता येत नाही, म्हणून तो ऐकतो. अर्जदार म्हणाला, ‘‘साहेब, दोघांनी मिळून दुरुस्ती मांडायची. पहिलं नाव कोणाचं हा प्रश्न नको म्हणून दोन्ही नावं एका ओळीत. मान्य असेल तर नुसता अंगठा वर करा.’’ कापडाखालून दोन अंगठे वर आले. वर छतावर काठीचे दोन ठोके पडले. पत्नी कान देऊन ऐकत होती.

त्या दिवशी अर्जदारास वाटले की लोकशाही म्हणजे दुसरे काय असते? दोन खुर्च्या, एक आरसा आणि थोडा फेस.

६. घोड्याने पेंड खाल्ली ती पुढे. आनंदाच्या भरात अर्जदाराचे हात आपोआप चालले आणि दोघांचेही केस त्याने एकाच पद्धतीने कापले. मागे बारीक, कानावर गोल, पुढे किंचित झुकलेले. तीस वर्षांत त्याच्या हातून असे कधी झाले नव्हते. प्रत्येक डोक्याचा कल वेगळा असतो हे तो जाणतो. पण त्या सकाळी त्याच्या डोळ्यांपुढे दोन डोकी नव्हतीच, एक गुडघा होता.

दुसऱ्या दिवशी सभागृहात दोघे समोरासमोर बसले. छायाचित्र सर्वत्र झळकले. ‘यांचे आतून काय शिजते आहे?’ असा प्रश्न विचारण्यात आला. सत्ताधारी पक्षात मिशीसाहेबांना बोलावून घेऊन विचारले, ‘‘तुमचे केस कोणाच्या सांगण्यावरून कापले?’’ विरोधी पक्षाने कल्लेसाहेबांची चौकशी लावली. दोघांनीही संध्याकाळपर्यंत जाहीर केले की समोरच्याशी आपला कसलाही समझोता नाही, नव्हता व होणार नाही. आणि याचा पुरावा म्हणून दोघांनीही दुरुस्तीवरील आपापली नावे काढून घेतली. एका हजामतीत एका कायद्याची हजामत झाली. मिशीसाहेब आता स्टेशनाजवळच्या सलूनमध्ये जातात. कल्लेसाहेबांनी केस वाढवले असून ती त्यांची निषेधाची पद्धत आहे असे कळते. त्यांनी अर्जदाराच्या दारावरून जाताना एकदाच गाडीची काच खाली केली व म्हणाले, ‘‘अहो, केसाने गळा कापलात राव!’’ आयुष्यभर गळ्याशी वस्तरा धरलेल्या माणसाला हे वाक्य फार लागले.

७. यानंतर लोकांचा रेटा वाढल्याने आपली समिती स्थापन झाली. तिच्यात दोन्ही पक्षांचे समसमान सभासद आहेत आणि सर्वांनी दुरुस्तीस तत्त्वतः पाठिंबा दिला आहे. समितीची बैठक मात्र अद्याप झालेली नाही, कारण खिडकीकडील बाजूस कोणत्या पक्षाने बसावे यावर एकमत नाही. एका पक्षाचे म्हणणे, पाठीवर ऊन आले तर आपण माघार घेतल्यासारखे दिसेल. दुसऱ्याचे म्हणणे, डोळ्यांवर ऊन आले तर आपले डोळे दिपल्यासारखे दिसतील. पडदा लावावा, असे अर्जदाराने आपल्या कार्यालयात येऊन सुचवले असता आपले लेखनिक फार आपुलकीने म्हणाले, ‘‘काका, पडद्याच्या रंगावर आणखी एक समिती होईल. कशाला उगाच?’’ त्यांनी बैठकीची खोली उघडून दाखवली. लांब टेबल, भोवती नव्या खुर्च्या, प्रत्येकीवर अजून प्लास्टिक. लेखनिक रोज सकाळी त्या प्लास्टिकवरची धूळ पुसतात.

८. आता सद्यःस्थिती. डाव्या पायाचा भार उजव्यावर येतो आहे. डॉक्टरीणबाई म्हणतात, नवा गुडघाही असाच वापरला तर वेळेआधी जाईल. तो गेल्यावरही कायद्याने पत्नी चालतीच राहील, त्यामुळे नोंदी बदलण्याचा त्रास कोणास पडणार नाही.

पूर्वी दुपारी गिऱ्हाईक नसे तेव्हा पत्नी खाली येऊन दुसऱ्या खुर्चीत बसे. अर्जदाराने कापलेल्या डोक्यांवर ती तेथून शेरे मारी. ‘‘याला नवरदेव करायचा होता की कैदी?’’ गिऱ्हाईक हसे, अर्जदार चिडे आणि कात्री पुन्हा एकदा नीट फिरे. आता ती वर असते. काही हवे असले की काठीने जमिनीवर ठोका मारते आणि छताचा चुना गिऱ्हाइकाच्या ताज्या कापलेल्या केसांवर पडतो. गेल्या काही आठवड्यांत ठोके कमी झाले आहेत. अर्जदार वर जाऊन विचारतो, ‘‘काही हवंय का गं?’’ ती म्हणते, ‘‘नको हो. गिऱ्हाईक बसलंय खाली, त्याचं डोकं संपवा आधी.’’ बहुतेक वेळा खाली कोणी बसलेले नसते. हे तिला वरून दिसत नाही व अर्जदाराने सांगितलेले नाही.

९. वरील सर्व विचारात घेऊन अर्जदाराची मूळ मागणी अशी होती, की दोन्ही पक्षांनी मतभेद बाजूस ठेवून सदर कलम दुरुस्त करावे. यास दोन्ही पक्षांची संमती लागते. ती त्यांनी दिलेली असूनही ती मिळत नाही, हे आपण जाणताच.

त्यानंतरची मागणी अशी, की येत्या सभांच्या हंगामात एका पक्षाने पत्नीस खाली न्यावे व दुसऱ्याने वर आणून सोडावे. प्रायोगिक तत्त्वावर एवढे सहकार्य करून पाहण्यास हरकत नव्हती. अर्जदाराने ही कल्पना पत्नीस वाचून दाखवली. ती म्हणाली, ‘‘खाली नेणारे येतील. वर आणणाऱ्यांची समिती होईल.’’ सबब ही मागणीही मागे घेण्यात येत आहे.

१०. आता एवढेच. जिना जेथे वळतो तेथे थोडी जागा आहे. मध्ये टेकायला मिळाले, तर एका दमात नाही तरी दोन दमांत पत्नी खाली येऊ शकेल असे तिचे स्वतःचे मत असून डॉक्टरीणबाईंनी त्यास ‘‘बघा बुवा’’ असे म्हटले आहे. आपल्या समितीच्या खुर्च्यांवर अद्याप कोणी बसलेले नाही. फर्निचर सचिवांच्या अखत्यारीत येते व त्यास कोणत्याही पक्षाची संमती लागत नाही, याची लेखनिकांकडून खात्री करून घेतली आहे. तरी त्यांतील एक खुर्ची समिती बसेपर्यंत वापरण्यास मिळावी. खिडकीकडची की दाराकडची, याबाबत अर्जदाराचा कोणताही आग्रह नाही. खुर्चीवरचे प्लास्टिक काढले जाईल, असे समजण्यात येऊ नये; ते तसेच ठेवले जाईल आणि समितीची बैठक ठरल्याचे कळताच खुर्ची पुसून परत करण्यात येईल.

आपल्या उत्तराची वाट न पाहण्याचा प्रयत्न करणारा,

आपला नम्र,
(सही)
अर्जदार,
सलून, जिन्याखाली.

दिनांक : आपले लेखनिक शिक्का मारतील तो.

सोबत :
१) दोन्ही गुडघ्यांचे एक्स-रे. (उजवा सत्ताधारी पक्षाकडून परत मिळाला. डावा विरोधी पक्षाकडे आहे, त्याची प्रत.)
२) दोन डोक्यांचे एकत्र छायाचित्र, मागील बाजूने.
३) जिन्याच्या वळणाचे माप. साधी खुर्ची मावते. हातांची मावत नाही.