श्यामलाने केलेली नक्कल

बुधवार पेठ, पुणे
९ डिसेंबर १९९६

श्री. यज्ञेश्वर यांना,
सप्रेम नमस्कार.

पत्र हातात पडलं की आधी शेवट वाचायची तुमची खोड आहे. या वेळी कृपा करून पहिल्यापासून वाचा. फोन करणार होते. पण फोनवर तुम्ही "बरं, बरं" म्हणता आणि ठेवून देता.

इकडे सगळं ठीक. निवृत्त झाले तरी महाविद्यालयात अजून आठवड्यातून एक तास शरीररचना शिकवते. मुलं मणक्यांची नावं घडाघडा म्हणतात आणि स्वतः पोक काढून बसतात. परवा वासंतीवन्सं येऊन गेल्या. तुमच्याविषयी अवाक्षर काढलं नाही, म्हणजे तुमच्याविषयीच बोलायला आल्या होत्या. निघताना चपला घालता घालता म्हणाल्या, "दादाचा डावा खांदा धरलाय, वहिनी. रोज तिळाचं तेल चोळतो आणि बारला लटकतो."

काल वाघोलीला तुमच्या खो-खोच्या मुलींच्या सत्काराला बोलावलंत, बरं वाटलं. भांडण न करता नवरा-बायको वेगळे कसे राहतात ते आपण सगळ्या पुण्याला दाखवलं, पण त्यानंतर तुमच्या मैदानावर मी पाऊल ठेवलं नव्हतं. मुली सुरेख खेळतात. खांबाला वळसा घेताना एकीचाही गुडघा आत कोसळत नाही. पाऊल जिकडे, गुडघा तिकडे. हे फळ्यावर काढणं सोपं, पोरींच्या अंगात मुरवणं कठीण. काल बोलले नाही, कारण चारचौघांत तुमचं कौतुक करायची सवय मला उरलेली नाही.

मग तुमच्या कर्णधार श्यामलाने तुमची नक्कल केली. गळ्यात शिट्टी, मान जराशी पुढे, आखूड पावलं, उजवा हात झुलतोय आणि डावा कोपरात वाकून अंगाला चिकटलेला. "खो मिळाल्यावर पंचांगात मुहूर्त बघता काय गं? उठा!" मंडप हसून हसून लोळला. मैदानाला जागा देणारे तुमचे ते सर्जेराव डोळे पुसत म्हणाले, "आरं, हुबेहूब सरच हाय की!"

मला हसू आलं नाही. नक्कल करणारी चार गोष्टी वाढवून दाखवणारच, असं मनाशी म्हणत होते. तेवढ्यात तुम्ही उठून व्यासपीठाकडे चालत गेलात. पोरीने काहीच वाढवलं नव्हतं.

चालताना हात आपण हलवत नाही, ते आपोआप हलतात. डावा पाय पुढे पडला की उजवा हात पुढे जातो, उजवा पाय पडला की डावा, आणि त्याने धड तोललं जातं. तुमचा डावा हात एकदाही हलला नाही. वन्संचं बोलणं आठवलं आणि क्षणभर धीर आला, खांदाच असेल. पण मग जिंकलेली ढाल मंडपाच्या आडव्या बांबूला टांगताना तोच हात कानाला लागेल इतका सरळ वर गेला. कुठे अडला नाही, तुम्ही कळ सोसल्यासारखंही काही केलं नाहीत. धरलेला खांदा असा वर जात नाही.

अहो, तुमच्या खांद्याला काहीही झालेलं नाही.

चेहऱ्याचंही लिहिते. सगळे म्हणाले, सरसुद्धा पोटभर हसले. हसण्याचा आवाज मीही ऐकला, पण चेहरा हलला नाही. हसताना तुमच्या गालांवर घड्या पडतात त्या मला पाठ आहेत. मी त्याच शोधत बसले होते.

इथवर लिहून उठले. चहा केला, तो तसाच गार झाला.

मला वाटतं, हा कंपवात आहे. "माझा हात कुठे कापतोय?" असं तुम्ही म्हणाल. काहींना कंप उशिरा सुटतो, काहींना सुटतच नाही. मी डॉक्टर नाही. चुकले तर तालमीपासून मंडईपर्यंत पेढे वाटा, सरोजिनी आयुष्यात एकदा तरी चुकली म्हणून. पण तुम्हा मैदानावरच्या माणसांचं असंच असतं: काहीही बिनसलं की स्नायू नाहीतर सांधा, आणि उपाय तेल नाहीतर व्यायाम. तेल चोळण्यात आणखी एक वर्ष जाईल, आणि एखाद्या सकाळी मुलींना वळसा दाखवताना त्या खांबाशी तुम्ही पडाल. मला भीती वाटते. फार भीती वाटते. तुम्ही तिकडे धडधाकट आहात, पोरींवर ओरडत आहात, हे मी धरूनच चालले होते. म्हणून तर इतकी वर्षं एकटं राहणं जमलं.

पुढच्या गुरुवारी, १९ तारखेला, सकाळी अकराची मेंदूविकाराच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. तुम्हाला न विचारता घेतली. रागवा, पण इथे येऊन रागवा. वाघोलीच्या बसने स्टेशनला उतरा. तिथून दवाखाना चालत जाण्याइतका जवळ आहे. मी तुमच्या डाव्या बाजूने चालेन. बोलायचं नसेल तर बोलू नका.

येणार नसाल तर तसं कळवू नका. मी थांब्यावर उभी असेनच.

अजूनही तुमच्याच आडनावाची,
सरोजिनी