ओठांचे कोपरे आणि स्टीलचा डबा

मंगळवार, ऐन मे, संध्याकाळ

आज दाताच्या डॉक्टरीणबाई मला लई बोलल्या. पंधरा दिवस झाले, ओठांचे दोन्ही कोपरे उललेत. जांभई द्यायची सोय नाय. बायकोनं, सुमननं, साजूक तूप चोळलं. शेजारच्या रझियाभाभी म्हणाल्या, "भाईसाब, मलाई लगाव." लावली. ताकदीच्या गोळ्याही खाऊन झाल्या. रविवारी नातीचा साखरपुडा, आणि आजोबा तोंड मिटून बसणार का?

बाईंनी तोंड बघितलं अन् विचारलं, "काका, नवी कवळी कुठंय?"

"स्टीलच्या डब्यात. साखरपुड्याला काढणार आहे."

चुकलं काय माझं? वाळूजच्या कंपनीत अख्खी नोकरी केली, पण नवा बूट कधी दिवाळीआधी घातला नाय. बाई म्हणाल्या, दात नसले की ओठ आत बसतात, कोपऱ्यांत लाळ साचते, तिथंच चिरा पडतात. मलम दिलं अन् कवळी रोज घालायला सांगितली.

घरी येऊन कपाटातून डबा काढला. सुमन पोट धरून हसली. "दात कुणी जपून ठेवतं का?"

मला राग आला. "आणि डब्याशेजारची तुझी हिमरू शाल? लग्नापासून डांबरगोळ्यांत पडलीय!"

ती पदर खोचून आत गेली. मघाशी कवळी घालून जेवायला म्हणून स्वयंपाकघरात गेलो, तर ही घामाघूम, अंगावर तीच शाल, अन् भाकरी थापतेय.

हसलो. कोपरे पुन्हा उलले. दुखलं लई, पण दात दिसले.