उजवी बाजू खाली, की डावी वर?

नेरे, पनवेल
रविवार

तीर्थस्वरूप भावजींना कमळाकरचा साष्टांग नमस्कार.

तुमचा गुडघा आता कसा आहे? ताईने दिलेलं तेल लावता, की नुसतं लावल्याचं सांगता? इकडे आम्ही सगळे मजेत. ऊठसूट फोन करणारा मेहुणा आज पत्र का लिहायला बसला, असं तुम्हाला वाटेल. कारण साधं आहे. तुमच्या घरी फोन केला की ताई तो स्पीकरवर टाकते, आणि मग माझं बोलणं तुमच्याबरोबर शेजारचेही ऐकतात. (ताईला नमस्कार सांगा. मागचं वाक्य तेवढं गाळा.) तुमची लेक प्राची दोन दिवस आमच्याकडे होती, ती आता उरणला यायला निघालीच आहे, तेव्हा पत्र तिच्याच हाती देतो.

तर विषय माझ्या काळ्या गाडीचा. आमच्या शेताकडचा रस्ता तुम्ही पाहिलाय. तिथे गाडीचं पोट घासून घासून मी इतका वैतागलो, की कंपनीचं सस्पेन्शन काढून बाहेरचं, जरा उंच आणि कडक बसवून घेतलं. गाडी झकास उंच झाली, फक्त सगळीकडून सारखी झाली नाही. मागून पाहिलं तर उजवी बाजू, म्हणजे ड्रायव्हरची, चांगली दोन बोटं खाली. त्या वेळी ही (दमयंती) ओटीवर वाल सोलत बसली होती. तिने गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "गाडीला काय झालं नाय. तिच्यात बसतो कोन, ते बघा."

आता तुम्हाला माहीत आहेच, गेल्या दिवाळीपासून ही माझ्या मागे लागलीय, की पनवेलला जाऊन एकदा छातीबितीची नीट तपासणी करून घ्या. मी दर वेळी काहीतरी काम काढतो. तर तिने तिथल्या तिथे पैज लावली. दोष सस्पेन्शनचा निघाला, तर ती तपासणीचं नाव पुन्हा काढणार नाही. दोष माझ्या वजनाचा निघाला, तर दुसऱ्या दिवशी सकाळी उपाशीपोटी दवाखाना आणि तेव्हापासून भात बंद. (भात बंद, भावजी! आगऱ्याच्या घरात! बापजाद्यांनी खाडीला बांध घालून पिकवला तो काय दुसऱ्यांनी खायला?) मी लगेच हो म्हटलं.

पण खरं सांगायचं तर पैज बाजूलाच राहिली आणि मला त्या दोन बोटांचंच वेड लागलं. लोखंडाचं एवढं मोठं धूड एका अंगाला कलतं, तर कशाने? मी टेप घेतली आणि चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या काठापर्यंत चारही बाजूंनी मोजायला सुरुवात केली. सकाळी मोजायचो, शेतावरून आलो की मोजायचो. मग शंका आली, की अंगणच तिरकं असलं तर? म्हणून हिची परात आणली, पाणी भरून गाडीच्या मागे ठेवली. पाणी एका काठाला आलं, दुसऱ्या काठाला तळ दिसायला लागला. अंगण माझं मीच करून घेतलेलं, स्वतः उभं राहून. (लोकांना इमारती बांधून देणारा माणूस मी. हे उरणमध्ये कुठे बोलू नका.)

मग सपाट जागेचा शोध सुरू झाला. गावदेवीच्या देवळासमोर गेलो, तिथे उतार. पेट्रोल पंपावर परात ठेवली, तर तिथल्या माणसाला वाटलं मी पेट्रोल परातीत मागतोय. आमच्याच इमारतीच्या पार्किंगमध्ये गेलो, तिथे पाणी वाहून जावं म्हणून आम्हीच उतार दिलेला. पनवेल तालुक्यात मी आजवर सपाट म्हणून जेवढे प्लॉट विकले, ते सगळे मला त्या दिवशी आठवले.

शेवटी कळंबोलीला ट्रकच्या वजनकाट्यावर गाडी चढवली. काटा म्हणजे सपाट असणारच. पण दमयंती सोबत आली होती, आणि काटा म्हणजे तिच्यासाठी देवाने दिलेली संधी. आधी मी आत बसून वजन झालं, मग तिने मला खाली उतरवलं. आतल्या माणसाने खिडकीतून डोकं बाहेर काढून विचारलं, "शेट, तुमी एकटेच उतरलाव, का सामान पन उतरवलंव?" ही पदर तोंडाला लावून हसली. मी मात्र टेप काढून चाकांकडे गेलो, आणि मला जे हवं होतं ते मिळालं. मी खाली, गाडी रिकामी, जमीन सपाट, तरी उजवी बाजू दोन बोटं खालीच! मी जवळजवळ नाचलो. ही म्हणाली, "तुमच्या वजनानं स्प्रिंग आदीच बसली असंल. आता उतरून काय उपेग?" 

म्हणून गाडी निकेशच्या गॅरेजला नेली. सस्पेन्शन त्यानेच बसवलं होतं. आम्ही दोघं गाडीखाली शिरलो. उजव्या आणि डाव्या स्प्रिंगवरचे नंबर तेच, उंची तीच, दोन्ही आपापल्या खोबणीत नीट बसलेल्या. मग निकेश डाव्या चाकाच्या आतल्या बोल्टकडे बघत राहिला आणि हळूच म्हणाला, "शेट, हृतिकची हळद कवा होती वो?" माझ्या पुतण्याची, हृतिकची हळद आणि गाडीचं काम एकाच दिवशी होतं, हे तुम्हाला आठवत असेल. निकेशची उजवी बाजू बसवून झाली होती, डावी अर्धी. मी त्याला हाताला धरून मांडवात आणला. अर्धवट काम टाकून येत नाही म्हणत होता, पण हळदीच्या मटणाला नाही म्हणणारा माणूस आपल्याकडे कसा सोडणार? तुम्हीच त्याच्या ताटात तिसऱ्यांदा वाढलंत. (म्हणजे थोडा दोष तुमचाही.) जेवून पेंगत पेंगत तो परत गेला, आणि डावं चाक हवेत लोंबकळत असतानाच त्याने बोल्ट आवळला.

तो बोल्ट चाकं जमिनीला टेकवूनच आवळायचा असतो. आत रबराचं बूश असतं, ते ज्या स्थितीत आवळलं ती स्थिती धरून बसतं. डाव्या बूशने हवेतली स्थिती धरली, आणि गाडी खाली आली तरी ते आपलं तिला वर ढकलत राहिलं. म्हणजे उजवी बाजू खाली नव्हतीच, डावी वर होती! इतके दिवस मी चुकीच्या बाजूकडे बघत होतो. निकेशने गाडी चाकांवर उभी ठेवून बोल्ट ढिला केला, गाडी दोन-चारदा दाबली, पुन्हा आवळला. मी मोजलं. चारही बाजू बरोबर.

पैज मी जिंकलो. मुलांना आशीर्वाद, मोठ्यांना नमस्कार.

तुमचा,
कमळाकर

ता.क. – ताईला पत्र वाचून दाखवायचं असेल तर इथपर्यंतच दाखवा.

ता.क. दुसरा – पैज जिंकलो, हाच घोटाळा झालाय. मोजायला रोज चाकापाशी वाकत होतो. वाकून उठलो की छातीवर दगड ठेवल्यासारखं व्हायचं आणि बोनेट धरून उभं राहावं लागायचं. हिला वाटायचं, मी विचार करतोय. आता मोजणं थांबलंय, ते व्हायचं थांबलेलं नाही. भावजी, मला मनातून वाटत होतं की दोष माझाच निघावा. मग हिने मला ओढत नेलं असतं आणि मला काही सांगावं लागलं नसतं. पण बाई शब्दाची पक्की. तपासणीचं नावसुद्धा काढत नाही. समोर बसून मुकाट्याने दुसऱ्यांदा भात वाढते, आणि तो मला गिळत नाही. मला भीती वाटते. उद्या सकाळीच या, आणि हिच्यासमोर मला चांगला दम देऊन दवाखान्यात घेऊन चला. मी नको नको म्हणेन. ऐकू नका.