केळं, चीज आणि धुळ्याचे पाहुणे

२७ जाने., मंगळ.
लॅबमधून घरी आले तेव्हा ऊन गॅलरीच्या अर्ध्यापर्यंत आलेलं. जेवून आडवी झाले आणि सुरेशरावांचा फोन. म्हणाले, "आईचं म्हणणं आहे, एकदा तुमच्या घरी येऊन जावं. आठ तारखेचा रविवार चालेल का?"
चालेल म्हटलं. फोन ठेवल्यावर कळलं की हे बघायला येणं आहे. चौपन्नाव्या वर्षी.
मग झोप लागली नाही. नुसती पडून राहिले. दिवाळीआधीचा तो दिवस डोळ्यांसमोर. त्यांची आई मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी धुळ्याहून जळगावला आलेली, रक्त मी काढलं. म्हातारी डोळे मिटून म्हणाली, "तुना हात हलका शे वं माय." हे शेजारी तिची कापडी पिशवी धरून उभे. रिपोर्ट मोबाइलवर जातो, तरी दुसऱ्या दिवशी न्यायला स्वतः आले. मग एक फोन. मग बरेच.

२९ जाने., गुरु.
जुईला सांगितलं. पुण्यातून ओरडेल असं वाटलेलं. ओरडली नाही. म्हणाली, "काय करणारेस खायला? पोहे कर ना, तुझे पोहे मस्त होतात."
पोहे नाही करणार.
सावद्याला, माहेरी, एकविसाव्या वर्षी, पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आले होते. मान खाली. एका काकांनी विचारलं, स्वयंपाक सगळा येतो ना. समोर जुईचे बाबा बसलेले. माणूस वाईट नव्हता. माझं चांगलंच झालं. त्यांना जाऊनही आता किती वर्षं. पण तो ट्रे परत हातात धरायचा नाही.
जुईला एवढंच म्हटलं, "वेगळं काहीतरी सांग. सोपं."
संध्याकाळी तिने व्हिडिओ पाठवला. टोस्ट, वर चीज, वर फळं. "आई, यात करपण्यासारखं पण काही नाही," म्हणे.

३० जाने.
व्हिडिओतली मुलगी पांढऱ्या स्वयंपाकघरात द्राक्षं अर्धी करते. कुठे घाई नाही. मागे खिडकी, खिडकीत कुठलंसं झाड. बघता बघता डोळा लागला. स्वप्नात मी सावद्याला केळीच्या बागेत होते, नानाच्या, माझ्या भावाच्या. पानांखालचा तो हिरवा उजेड. त्यात हात सुद्धा हिरवे दिसतात. कुणीतरी पाणी सोडलेलं, पायाला गार लागत होतं. जाग आली तेव्हा चादर पायावरून सरकलेली.

३१ जाने., शनि.
पहिला प्रयत्न. ब्रेड भाजला, गरम असतानाच चीजचं स्लाइस ठेवलं, वर केळ्याच्या चकत्या. चीजला घाम फुटला. केळं घसरलं. खालून ब्रेड ओला.
ओट्याशी उभं राहून तसाच खाल्ला. आधी खारट, मग गोड, मग दोन्ही. लहानपणी आम्ही भाकरीबरोबर केळं खायचो, मिठाचा खडा लावून. आई रागवायची. त्याची चव इतक्या वर्षांनी चीजमध्ये सापडावी.

१ फेब्रु., रवि.
नाना आला. सावद्याहून मोटारसायकलवर, एकटाच. माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठा, या वयात एवढ्या लांब गाडी चालवत येतो म्हणून वहिनी रोज ओरडते. जुईने मामाला फोन केलेला. मी करणारच होते, पण…
पाणी प्यायला. चपला घातलेल्याच. म्हणाला, "निमा, मी काय आयकू ऱ्हायलो?"
मी सांगितलं. धुळ्याचे आहेत, पाटबंधारे खात्यात ओव्हरसिअर होते, निवृत्त झाले, बायको गेली, आई असते सोबत.
"आपल्यातले हायेत?"
नाहीत, म्हटलं.
मग बराच वेळ पंख्याकडे बघत बसला. थंडी आहे, पंखा बंद होता.
"तुले काय कमी हाये? मी मेलो का?"
कमी काही नाही, नाना. कमी आहे म्हणून माणूस खिडकी उघडतो का.
हे मनातलं. तोंडाने म्हटलं, "रविवारी तू ये. तू असलास तर मला बरं वाटेल."
"मी येनार नाही." उठला. दारात थांबून विचारलं, काय करशील त्यांना खायला. मी टोस्टचं सांगितलं. म्हणाला, "पाहुन्याले केळं देशीन? आपल्या इकडे केळं कोनी पाहुन्याले देते का?"
खरंच देत नाहीत. दारात घड पडलेले असतात, त्याचं काय कौतुक.
गाडीचा आवाज कोपऱ्यापर्यंत ऐकत राहिले.

३ फेब्रु., मंगळ.
दुसरा प्रयत्न. दही फडक्यात टांगलेलं रात्रीपासून. चक्का झाला, त्यात चीज किसून घातलं, मिरपूड भरड, मीठ चिमटीभर. चमच्याने फेटत राहिले. पांढरं, मऊ. ढगासारखं लिहिणार होते, पण ढगाला मिरपूड नसते.
ब्रेड तव्यावर लोणी लावून मंद आचेवर, कडक होईपर्यंत. मग आडवा ठेवायचा नाही, ताटाच्या कडेला टेकवून उभा ठेवायचा. वाफ निघून जाते. खालून ओला होत नाही. हे व्हिडिओत नव्हतं.
केळं काळं पडतं. लिंबाचा थेंब चोळला. तरी पडतंच, पण उशिरा.
नानाकडे केळं मागायचं का? फोन हातात घेतला. ठेवला.

५ फेब्रु., गुरु.
दुपारी सुरेशरावांशी, सु.शी, फोनवर बोलणं. त्यांना विचारलं, नोकरीतलं काय आठवतं. म्हणाले, कालव्याला पाणी सोडतात तेव्हा पाणी आधी दिसत नाही. कोरड्या कालव्यात आधी वाळलेली पानं पुढे सरकायला लागतात. वारा नसतो, तरी पानं चालतात. काड्या, पिसं, भुगा. एक बारीक आवाज. मग त्यामागे पाणी. "मी काठाने चालायचो पाण्याबरोबर. त्याचा वेग माणसाच्या चालण्याएवढाच असतो."
पुढे त्यांनी काय सांगितलं ते ऐकलंच नाही. मी पानांमागे चालत होते.
एका बाईच्या हातावर आज शीर सापडेना. असं होत नाही माझं. तिला म्हटलं, मूठ घट्ट कर, आणि माझीच मूठ आवळली.

७ फेब्रु., शनि.
जुई आली. स्टेशनवरून रिक्षाने, केस बांधलेले, जरा बारीक झालेली. संध्याकाळी दोघी बाजारात. काळी द्राक्षं, डाळिंब, स्ट्रॉबेरीचा एक डबा (वरच्या लाल, खालच्या पांढऱ्या, नेहमीसारखं), मध. केळी गाडीवरून घेतली. सावद्याच्या मुलीने जळगावात केळी विकत घ्यायची. गाडीवाल्याशी नजर मिळवली नाही.
परत येताना जुईने विचारलं, "आई, तुला ते आवडतात?"
मी म्हटलं, ते फोनवर बोलताना मध्ये थांबतात, आणि त्या थांबण्यात मला…
पुढे सांगता आलं नाही. ती म्हणाली, "बरं." माझ्या हातातली पिशवी घेतली.

८ फेब्रु., रवि.
सगळं लिहून ठेवायचंय, आता जुई झोपलीय.
सकाळपासून घरात लोण्याचा वास. टोस्ट भाजून उभे करून ठेवले. त्रिकोणी कापले. ते आल्यावरच वर चक्का-चीज लावायचं, मग फळं. आधी लावलं की संपलं. जुई द्राक्षं अर्धी करत होती, त्या व्हिडिओतल्या मुलीसारखीच, पण तिच्यापेक्षा छान.
ते आले. सु. पांढऱ्या शर्टात, आजींचा हात धरून. आजींच्या डोळ्यांवरचा काळा चष्मा गेलेला. बसल्या, मला जवळ बोलावलं, चेहऱ्याजवळ चेहरा आणून बघितलं. रक्त काढलं तेव्हा त्यांना मी धूसरच दिसले असणार. म्हणाल्या, "अशी शे का तू." एवढंच.
मी बशा आणल्या. मान वर. बशा टीपॉयवर ठेवल्या आणि मी सुद्धा खुर्चीवर बसले, सगळ्यांसारखी. पहिला टोस्ट मीच उचलला. जुई माझ्याकडे बघत होती.
आजींनी विचारलं, "हाई काय शे वं?"
सांगितलं, पाव, दही, चीज, केळं, वर मध.
त्यांना दात नाहीत. लक्षातच आलं नव्हतं. इतके कडक भाजलेले टोस्ट. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण त्यांनी बोटाने वरचं सगळं हळूच ओढून घेतलं, केळं, मऊ चीज, आणि तोंडात घोळवत राहिल्या. खालचा टोस्ट मुलाच्या बशीत ठेवला. सु.नी तो चहात बुडवून खाल्ला, काही न बोलता, जसं हे असंच खायचं असतं.
"मना आंडोर भला शे," त्या मुलाकडे बोट करून मला म्हणाल्या, "पन जास्ती बोलस नही."
बोलतात, म्हटलं. माझ्याशी बोलतात. सु. खाली बघून हसले.
तेवढ्यात दारात नाना.
बेल नाही, काही नाही. दार उघडंच होतं. इस्त्रीचा शर्ट, टोपी. मी उभी राहिले. वाटलं, आता हा काहीतरी बोलेल आणि हे सगळं, बशा, ऊन, आजी, फुटेल.
आजींनी आपल्या शेजारची उशी बाजूला केली. "ये भाऊ, बठ. तू बी खा."
तो बसला. म्हातारं माणूस बस म्हणतं तेव्हा नाना उभा राहू शकत नाही, तसा वाढलाय तो. जुईने त्याच्या हातात बशी दिली. त्याने टोस्ट उचलला, उजेडाकडे धरला, केळ्याची चकती नीट बघितली. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "हे केळं आपलं नाही."
"नाही," मी म्हटलं.
खाल्लं. पूर्ण खाल्लं. सु.नी विचारलं, यंदा बागेला पाणी कसं आहे. नानाने सांगितलं. मग दोघं पाण्याचंच बोलत राहिले, बोअर, ठिबक, विहीर. एकमेकांकडे फारसं न बघता. आजी भिंतीला टेकून पेंगत होत्या. जुई आत गेली. मी नुसती ऐकत होते. शब्दांचा अर्थ लागत नव्हता, आवाज तेवढे येत होते, एक जाड, एक संथ. असं वाटलं की मी फार पूर्वीपासून कुठेतरी अशीच बसलेय आणि दुपार संपतच नाहीये.
नाना आधी उठला. "जातो," म्हणाला. ना हो म्हणाला, ना नाही.
निघताना सु. गॅलरीत माझ्याशी बोलले. आई धुळं सोडणार नाही. तिला रस्ते, दुकानं, शेजार तिथलाच दिसतो, डोळे नव्हते तेव्हा सुद्धा दिसायचा. "तुमचं काम इथं, घर इथं. मला कळतं. मी तुम्हाला 'या' म्हणतोय, पण 'सोडा' म्हणता येत नाही." थांबले. "घाई नाही उत्तराची."
मी म्हटलं, विचार करते.

९ फेब्रु., सोम.
जुई सकाळच्या गाडीने गेली. घर एकदम मोठं.
संध्याकाळी नानाचा फोन. "केळं बाजारातून आनलं तू. मले एक फोन नाही करता आला?"
"तू रागावलेला होतास."
"राग वेगळा. केळं वेगळं." मग वहिनी मागून काहीतरी म्हणाली, तो तिला थांब म्हणाला. "मी हो म्हटलेलं नाही अजून. लोकं काय म्हनतीन ते मलेच आयकावं लागते इथं."
"माहीत आहे, नाना."
"म्हातारी बरी हाये," म्हणाला आणि फोन ठेवला.
ओट्याशी उभं राहून थोडं रडले. कशाबद्दल ते नाही कळलं. वाईट वाटत नव्हतं.

१३ फेब्रु., शुक्र.
काहीच ठरत नाही. लॅब, घर, लॅब. इथली गॅलरी, तुळशीपलीकडचा कडुनिंब, सकाळी सहाला रक्त द्यायला येणारी उपाशी माणसं. यातलं काय सोडता येईल याचा विचार करायला बसते आणि भलतंच आठवत राहतं. धुळ्याला लहानपणी एकदाच गेले होते, लग्नाला. सरळसरळ रस्ते, रुंद. एवढंच.
बदली करता येते का, तिथे लॅब असतीलच. की आठवड्यातून चार दिवस इथं, तीन दिवस… असं कुणी राहतं का? राहत असेल.
उरलेला चक्का आज संपवला. पोळीला लावून.

१८ फेब्रु., बुध.
सु. म्हणाले, तुम्ही एकदा घर बघून जा. उत्तर देण्यासाठी नाही, नुसतं.
जाईन म्हटलं. रविवारी. नानालाही सांगितलं. तो "हूं" म्हणाला, मग, "सकाळच्या गाडीनं जा, ऊन लागन."

२२ फेब्रु., रवि. बसमध्ये
अक्षर हलतंय. एरंडोल गेलं, पारोळा गेलं. खिडकीची जागा मिळाली. दोन्हीकडे वेचून झालेली कपाशी, तपकिरी, कुठे कुठे बोंडाला चिकटून राहिलेला कापूस. मध्येच झोप लागली. जाग आली तेव्हा वाटलं आपण परत चाललोय. कुठे परत, ते आठवेना. तो एक क्षण फार छान होता. कुठलीच बाजू नव्हती.
उत्तर अजून नाही. शोधलंही नाही नीट. आज विचारणार नाहीत, विचारलं तर हेच सांगेन.
घरं दाट व्हायला लागली. बायका पदर सावरताहेत, पिशव्या काढताहेत. बस स्टँडमध्ये वळली.
ते उभे आहेत. डोळ्यांवर हात धरून प्रत्येक बसच्या खिडक्या बघताहेत. माझ्या बसच्या मागच्या खिडक्या बघून झाल्या, आता पुढच्या. मधल्या खिडकीत मीच आहे. अजून दिसले नाही त्यांना.
उतरायची गर्दी आहे. बसून राहते जरा. बघते.