सणाच्या दिवशीची झोकांडी

मस्कत, १२ ऑक्टोबर

प्रिय पप्पा,

तुम्हाला आणि मम्मीला जय येशू. मी बरी आहे, एरवी जेवणखाण वेळेवर होतं. वाडीतल्या केळींना घड आले का?

फोनवर तोंड उघडत नाही, म्हणून लिहिते. मे महिन्यात गावच्या सणाला मारियामातेची मूर्ती खांद्यावर घेऊन तुम्ही निघालात आणि चार पावलांवर तुमची झोकांडी गेली. मी सगळ्यांदेखत म्हणाले, "पिऊन मूर्तीला खांदा देऊ नका." तुम्ही धाकट्या केनीला पुढे केलंत आणि घरी गेलात.

आपल्या गल्लीत 'झोकांडी' हा शब्द गुत्त्यावरून येणाऱ्यांसाठीच ऐकलेला. मी तेवढाच अर्थ धरला. नंतर मम्मी म्हणाली, तुम्ही थेंबही घेतला नव्हता. तरी माफी न मागता मी विमानात बसले.

परवा वॉर्डात माझीच झोकांडी गेली. सकाळपासून पोटात काही नव्हतं. सोबतच्या रिद्धी सिस्टरने धरून बसवलं. ती साताऱ्याची. म्हणाली, "उपाशी माणसाची झोकांडी जायचीच. आमच्याकडे आजारी माणूस उठून चालला तरी हेच म्हणतात."

केनी सांगतो, तुम्ही अजून भिंत धरून चालता आणि चर्चमध्ये मिस्साला मागच्या बाकावर बसता. बोळिंजच्या कानाच्या डॉक्टरांना दाखवा. कानामुळेही तोल जातो. नर्स आहे मी, हे मला मे महिन्यातही माहीत होतं.

परवा मला कोणीच विचारलं नाही, पप्पा, की काय पिऊन आलीस.

तुमचीच,
स्टेफी