इस्कोला सोबत

१२ मार्च, गुरुवार
लूसने माझी उशी माझ्या केस कापायच्या सलूनमध्ये पाठवून दिली. बायकोचा निरोप असा: दारू सोडणाऱ्यांच्या मीटिंगला जा, मगच घरी ये. वर आमच्या मुलीचं, मारितेसचं, म्हणणं: बाप्तिस्म्याच्या दिवशी तोंडाला वास आला तर नातू हातात मिळणार नाही. बाप्तिस्मा एप्रिलात. भरपूर वेळ आहे.
मुळात मी पितच नाही. मी ओततो. आमच्या दोस्तांच्या पिण्याच्या बैठकीत ग्लास एकच, तोच सगळ्यांत फिरतो. पहिला घोट सैतानाच्या नावाने जमिनीवर सांडायचा, मग प्रत्येकाला सारखं माप. याला न्हाव्याचाच हात लागतो. आता ओतणाऱ्याने चव बघायची नाही तर कोणी बघायची?

१९ मार्च, गुरुवार
गावात कोणी बघायला नको म्हणून जीपनीने, त्या लांबड्या वडाप जीपने, थेट लिपा शहराला गेलो. चर्चमागे हॉल सापडला. फार सज्जन माणसं. साखर, भात आणि चालणं यावर बोलली. एका बाईने माझं वजन केलं. दारूचं नावसुद्धा नाही! लोक उगाच घाबरवतात.
लूसला फोन करून वजन सांगितलं. ती म्हणाली, डायबेटिसवाल्यांची मीटिंग होती ती, शहाण्या.
गेलो होतो, हे तरी धरायला हवं.

२१ मार्च
आयडिया सुचली. इस्को! मारितेसच्या बाप्तिस्म्यातला धर्मबाप, ट्रायसिकल रिक्षा चालवतो, सकाळपासून झोकतो. त्याला मीटिंगला न्यायचं, आपण नुसती सोबत करायची. विचारलं तर एका शब्दात तयार. मला वाटलं होतं आढेवेढे घेईल. बिचाऱ्याला आपली अवस्था कळत असणार.

२६ मार्च, गुरुवार
आपल्याच चर्चचा हॉल. मीटिंग चालवणारी कोण, तर आल्मा टीचर! आम्हाला छडी मारायची ती. ती म्हणे तेव्हाही प्यायची. वास कसा आला नाही? बहुतेक आम्ही रडत असायचो.
खुर्च्या गोल मांडलेल्या. माझी पाळी आली तेव्हा स्पष्ट सांगितलं, मी इस्कोला सोबत आलोय. सगळ्यांनी मान डोलावली. टीचर म्हणाली, बोलायचं नसेल तर पुढच्याला जाऊ दे, इथे चालतं. आमच्याकडे नाही चालत. ग्लास आला की घ्यायचा. उठायला लागलं की चौघं शर्ट धरून खाली बसवतात. इथे दार सताड उघडं, आणि तरी मला गुदमरल्यासारखं झालं. पंखे लावायला सांगितले पाहिजेत.
शेवटी कॉफी ओतायचं काम दिलं. माझा प्रांत. थोडी जमिनीवर सांडली, एक कप भरून पहिल्याला दिला, संपल्यावर तोच कप परत मागितला. हॉल हसून हसून पडला. टीचर डोळे पुसत म्हणाली, दोमिंग, कप भरपूर आहेत रे.

२ एप्रिल, पवित्र गुरुवार
आज मीटिंग नसणार. इस्को म्हणाला, आहे. तो गेला. सणासुदीला बैठकीतल्या लोकांना वाऱ्यावर कसं सोडायचं? ओतलं.

९ एप्रिल, गुरुवार
इस्को ग्लासला हात लावत नाही. चेहरा उजळलाय. माझ्या मेहनतीचं फळ. त्याचा वाटा वाया जायला नको म्हणून मीच घेतो. गुरुवारी तो एकटा जातो हल्ली, त्याला आता सोबतीची गरज उरलेली नाही.
गिऱ्हाइकं कमी झालीत. केस वाढवायची फॅशन असावी. सांतोसचे केस कापताना त्याच्या कानाला जरा लागलं, पण कान मध्ये आला होता.
सलूनची खुर्ची मागे कलत नाही. बसल्या बसल्या झोपायचं आणि डोळे उघडले की समोर आरसा. काल खुर्ची फिरवून ठेवली. तिकडेही आरसा.
घरी जायचंय.

१८ एप्रिल
उद्या बाप्तिस्मा. शर्टाला इस्त्री केली. आज संध्याकाळपासून एक थेंबही नाही. म्हणजे नाही.

१९ एप्रिल, रविवार, पहाटे
थेंब नाही. दाढी करताना हनुवटी कापली. हात ऐकत नाहीत. अशा हातात बाळ देणं बरोबर नाही.

तोच दिवस, सकाळी ७
बाळाच्या सुरक्षिततेसाठी एकच. औषध म्हणून. हात एकदम स्थिर.

तोच दिवस, दुपार
मारितेस बाळाला घेऊन माझ्यापर्यंत आली होती. मी हात पुढे केले होते. बघ, जरा तरी हलतात का, असं म्हणालोसुद्धा. ती इतकी जवळ आली की बाळाच्या केसांचा वास आला. मग थांबली. वळून बाळ इस्कोकडे दिलं.
इस्कोने फार नीट धरलं. मान वगैरे. लूस रडत होती, बाप्तिस्म्यात रडतातच.
मागच्या अंगणात मंडळी बाटली घेऊन बसली होती. ओतायला कोणी नव्हतं.

२३ एप्रिल, गुरुवार
इस्को ट्रायसिकल घेऊन दारात. चल म्हणाला. गेलो. त्याला वाईट वाटू नये म्हणून.
त्याची पाळी आली. तो म्हणाला, मी इथे स्वतःसाठी आलोच नव्हतो. लूसवहिनी माझ्याकडे रडली होती, दोमिंग एकटा जायचा नाही म्हणाली, म्हणून त्याला सोबत करायला आलो. आणि बसलो ते बसलोच.
सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी मागे वळून बघितलं, कोणाकडे बघतायत म्हणून. मागे भिंत होती.
माझी पाळी आली. पुढच्याला जाऊ द्या म्हणालो. पुढे कोणी नव्हतं, मीच शेवटचा होतो.
टीचर म्हणाली, थांबतो आम्ही.